परतीचा कागद

निकाल आधीच सांगितलेला बरा. राजलक्ष्मी हरली. ब्याण्णव मतांनी.

कोण जिंकलं एवढंच ज्याला हवं असेल, त्यानं इथंच थांबावं. उंबरओढ्यात गेली पंचवीस वर्षं सगळे त्याच्याही अलीकडेच थांबत आले होते. मतं मोजायला आधी ती पडावी लागतात.

बाकीची हकिगत उमेदवारी अर्जाच्या रकान्यांप्रमाणे आहे. रकाने अरुंद असतात. माणूस त्यात मावत नाही, कडेनं सांडतो.

उमेदवाराचे संपूर्ण नाव

राजलक्ष्मी रामहरी कोकरे.

हे नाव अर्जावर लिहायची कल्पना तिची नव्हती. एका सकाळी चुलतदीर मानसिंग मोटारसायकल बंद न करताच दारात येऊन थांबला.

"वयनी, आबांनी सांगितलंय. वॉर्ड दोनमधनं तुमचा एक फारम भरायचाय."

"माझा? ती जागा तर रेश्माला ठरलीया न्हवं?"

"ठरलीयाच की. तुमचा डमी. छाननीत रेश्मावयनींचा उडाला तर हाताशी एक असावा. भिऊ नका, तुमाला काय खरंच उभं ऱ्हायचं न्हाय."

आबा म्हणजे दादासाहेब. पन्नास एकर ऊस, सोसायटीचं अध्यक्षपद, आणि देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून बसायची ठरलेली जागा. रेश्मा त्यांची धाकटी सून. इंदापूर तालुक्यातलं उंबरओढा हे गाव पंचवीस वर्षं 'बिनविरोध' होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की सभामंडपात बैठक बसायची, आबा नावं वाचायचे, कुणीतरी नारळ फोडायचा, आणि इतिवृत्तात लिहिलं जायचं: सर्वानुमते. गेल्या खेपेला त्या 'सर्व'मध्ये अकरा पुरुष होते. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. बायका मंडपाबाहेर चपलांपाशी बसल्या होत्या, कारण महिला राखीव जागांची नावं वाचायची होती आणि ज्यांची नावं निघतील त्यांना कुंकू लावायला कुणीतरी हवं होतं.

वय

एक्केचाळीस.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती या गावात आली. दिल्लीसाठी मत दिलं, मुंबईसाठी मत दिलं, बोटाला शाई लावून घेतली. स्वतःच्या गल्लीसाठी एकदाही नाही. तिच्या दारापुढची गटार कोणी बांधायची, नळाला पाणी कधी सोडायचं, दिवा कुठल्या खांबावर लावायचा, हे ठरवणारा माणूस निवडायचं बटण तिनं बावीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. अर्जात त्यासाठी रकाना नाही.

जोडलेली कागदपत्रे

जातीचा दाखला. शौचालय असल्याचा दाखला, आणि ते वापरत असल्याचा वेगळा. घरपट्टी भरल्याची पावती. दोनपेक्षा जास्त मुलं नसल्याचं प्रतिज्ञापत्र. गुन्हा दाखल नसल्याचं प्रतिज्ञापत्र. पासपोर्ट आकाराचे फोटो, सहा.

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत ती पिशव्या भरायच्या लाइनवर होती. सकाळी सातला पांढरी टोपी आणि गमबूट, दुपारी तीनला सुट्टी. तिथून स्कूटीवर घरी, आणि वाटेत हे दाखले. आठवडा त्यातच गेला.

"काय राजलक्ष्मी, उभी ऱ्हातीस व्हय?" झेरॉक्सवाल्यानं विचारलं.

"न्हाय वो. डमी हाय."

पहिल्या दिवशी तिनं हे हसून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लीलाबाईनं तिला अडवलं. पदरानं नाक झाकून त्या दाराशी उभ्या होत्या.

"आगं, फारम भरलास म्हनं. बरं झालं. माझ्या न्हाणीचं पाणी तुंबतंय चार वर्सं. तेवढं बघ."

'डमी हाय' हे शब्द तोंडाशी आले आणि तिथंच राहिले. चार वर्षं तुंबलेलं पाणी घेऊन एक म्हातारी तिच्यापुढं उभी होती, आणि आपण तिला सांगायचं की मी माणूस नाही, माणसाच्या जागी ठेवलेला दगड आहे?

"बघते," राजलक्ष्मी म्हणाली.

बाई म्हणून जन्मभर पुष्कळ जणांनी तिला कामं सांगितली होती. मागणं असं कुणी केलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं अर्जाची प्रत काढली आणि आपलंच नाव दोनदा वाचलं.

सूचकाचे नाव व सही

मानसिंग.

इथं उंबरओढ्याची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यात आहे.

दुसऱ्या गावांत लोक अर्ज भरतात आणि नंतर माघार घ्यायची की नाही त्याचा विचार करतात. उंबरओढ्यात ज्या दिवशी अर्जावर सही होते, त्याच दिवशी, त्याच पेनानं, माघारीच्या कागदावरही सही होते. तारखेची जागा कोरी. 'माझ्या वतीने सूचकाने हा अर्ज सादर करावा' अशी ओळ खाली छापलेलीच. त्याला म्हणतात परतीचा कागद. सगळे परतीचे कागद आबांच्या कपाटात जातात. बैठकीत नावं ठरली की ज्यांची ठरली त्यांचे फाडायचे, उरलेल्यांचे तारीख घालून तहसीलला द्यायचे. कुणी बोलायचं नाही, कुणी रुसायचं नाही.

राजलक्ष्मीनं त्यावर सही केली होती. पाचव्या की सहाव्या कागदावर, मानसिंग बोट ठेवत गेला तिथं. फसवून घेतली असं म्हणता येणार नाही. तिला माहीत होतं. पण गावात त्या सहीला कुणी सही म्हणतच नाही. दारातून आत जाताना चपला काढाव्यात, तसं ते. चपला काढल्याचं कुणाच्या लक्षात राहतं?

उमेदवाराचे म्हणणे

असा रकाना अर्जात नाही. तिनं ते तोंडी सांगितलं. माघारीच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, आबांच्या पडवीत.

"आबा, मी फारम मागं घेत न्हाय."

आबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. तसा असता तर सोपं गेलं असतं.

"रेश्माचा फारम पास झालाय, पोरी. डमीचं काम संपलं."

"माझा बी पास झालाय."

"बस. च्या घे." त्यांनी आत वळून चहा सांगितला. "तू ह्या गावात आली न्हवतीस तवाची गोष्ट. शेवटचं इलेक्शन झालं हितं. रावजीचं डोकं फुटलं, ह्या पडवीम्होरं. अकरा वर्सं केस चालली. सख्खी भावं एकमेकाच्या मयताला गेली न्हायती. तवा ठरवलं, पुन्हा मतपेटी नगं. पंचवीस वर्सांत एक काठी उचलली न्हाय कुणी. हिला लोकशाही न्हाय म्हनायचं तर कशाला म्हनायचं?"

हे खोटं नव्हतं. रावजींच्या कपाळावरची खोक तिनंही पाहिली होती.

"सगळ्यांच्या मनानं चाललंय," आबा म्हणाले.

"माझ्या मनाला कवा इचारलं?"

"रामहरीला इचारलं की."

"त्यांचं मन त्यांच्यापाशी. माझं येगळं हाय, आबा. यादीत माझं नाव येगळ्या नंबराला हाय."

"आन् रेश्मात काय वाईट हाय गं?"

"कायबी न्हाय. चांगली हाय. मग तिला लोकांम्होरं यायला भ्या कशाचं?"

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. रेश्मा चहा घेऊन आली होती आणि उंबऱ्यातच थबकली होती.

"बरं," आबा म्हणाले. एवढंच. "बरं."

इतकं सोपं 'बरं' ऐकून तिला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरी सासू भाकरी थापत होती. तानूबाई. वय सत्तर की पंच्याहत्तर, तिचं तिलाही ठाऊक नाही. अर्धं आयुष्य मेंढरांमागं, कोकणापर्यंत चालत गेलेलं. मेंढरं विकून जमीन कसायला लागले तेव्हापासून ती एका जागी बसली, आणि एका जागी बसल्यानं माणसं बिघडतात असं तिचं ठाम मत होतं.

"काय म्हनाला दादासाहेब?"

"भांडणं व्हत्यात म्हनं मतानं."

"व्हत्यात की." तिनं भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं. "आमचा तळ पडायचा माळावर. धा-बारा बिऱ्हाडं. सांच्याला बसायची सगळी, उद्या कुठल्या अंगानं जायचं ठरवायला. कारभारी म्हनायचा, खालच्या वाटंनं. लगी बायका उठायच्या. घोड्यावर संसार लादायचा आमी, पोरं काखंला आमच्या, मग वाट तू एकला ठरीवणार व्हय रं? लई भांडायची. शिव्या द्यायची. पर ज्याला चालायचंय त्यानं बोलायचं, ही रीत. न्हाईच पटलं एकाद्याला तर त्यो आपली मेंढरं येगळी काढायचा आन् दुसऱ्या वाटंनं जायचा. पुन्हा फुडल्या तळावर गाठ पडली की च्या प्यायचा. वैर न्हाय धरलं कुणी त्यापायी."

"हितं धरत्यात, आत्या."

"हितं बायका बोलतच न्हायत्या, तर भांडण मिटवायचं कुणी ठावं हाय त्यास्नी?" तानूबाई म्हणाली, आणि करपायला लागलेली भाकरी चिमट्यानं उचलून निखाऱ्यावर टाकली.

माघारीचा दिनांक

दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मी लाइनवर होती. पिशव्या येत होत्या, ती क्रेटमध्ये रचत होती. पावणेबारा झाले असतील. एका पिशवीवर तारखेचा शिक्का उमटलाच नव्हता. नुसती कोरी पट्टी. अशी पिशवी बाजूला काढायची असते. तिनं ती काढली, हातात धरली, आणि तिचे हात थांबले.

कोरी तारीख.

मागून क्रेट साचायला लागले. "ओ बाई, झोपलात का काय?" सुपरवायझर ओरडला.

परतीचा कागद आबांच्या कपाटात होता. तिची सही होती. आज तीन वाजेपर्यंत मुदत. आणि आबा 'बरं' म्हणाले होते.

तिनं टोपी काढून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. "पोटात दुखतंय," म्हणाली. 

एमआयडीसीच्या फाटकातून स्कूटी बाहेर पडली तेव्हा बारा वाजून गेले होते. सणसर. लासुर्णे. जंक्शन. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, एकामागं एक, दोन-दोन जोडलेल्या, मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. ती हॉर्न वाजवत होती आणि हॉर्नच्या वर मोठ्यानं बोलत होती. कुणाशी? आबांशी, मानसिंगशी, अकरा जणांच्या 'सर्वा'शी, आणि सगळ्यांत जास्त स्वतःशी. बोट ठेवलं तिथं सही करत गेलीस! घरात दुधाची पिशवी घेताना तारीख बघतेस, आणि स्वतःच्या नावाच्या कागदावर बघितली नाहीस! शांतता म्हणे. काठी उचलली नाही म्हणे. गोठ्यातही शांतता असते. दावणीला बांधलेलं जनावर कधी काठी उचलत नाही.

निमगाव केतकीत पेट्रोलसाठी थांबावं लागलं. पंपावर रांग होती. त्यात ती उभी राहिली, कारण रांग मोडून पुढं जाणं तिला जमलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारात जत्रा होती. गावोगावच्या गाड्या, फेटे, गुलालाच्या पिशव्या तयार. दोन वाजून वीस मिनिटं. उंबरओढ्याच्या टेबलापुढं मानसिंग उभा होता, हातात फाइल. तिला पाहून त्याचा चेहरा परीक्षेत कॉपी सापडलेल्या पोरासारखा झाला.

"वयनी, तुमी कशाला आला? मी देतो की सगळं."

"माझा कागद द्या हिकडं, भावजी."

"आता काय करताय वयनी, आबांनी—"

"कागद."

टेबलामागचे निवडणूक अधिकारी थकलेले होते. सकाळपासून चौदा गावं झाली होती. त्यांनीच हात पुढं केला, मानसिंगच्या फाइलमधला वरचा कागद घेतला आणि चष्मा वर केला. तारीख आजची होती, वेगळ्या शाईत, ताजी.

"कोकरे राजलक्ष्मी रामहरी. तुम्हीच का? ही सही तुमची?"

"माझीच हाय, साहेब."

"मग? सही तुमची, सूचक हजर, कागद बरोबर आहे."

"सही मी केली फारम भरला त्या दिवशी. तवा तारीख कोरी हुती. आज मी माघार घेत न्हाय."

अधिकाऱ्यांनी मानसिंगकडं पाहिलं. "यांनी सही तुमच्यासमोर केली?"

"व्हय."

"कधी?"

मागं गावातले पाच-सहा जण उभे होते. त्यातल्या एकानं घसा खाकरला. 'आज' एवढा एक शब्द म्हटला की झालं होतं. मानसिंगनं फाइल या हातातून त्या हातात घेतली. राजलक्ष्मी त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या लग्नात तिनं त्याला हळद लावली होती. पण ती हळदीची आठवण काढत नव्हती. एक माणूस आपल्या तोंडादेखत आपल्याबद्दल खोटं बोलतो की नाही, ते बघत होती.

"सोमवारी," मानसिंग पुटपुटला. "फारमासंगंच. आमच्यात तशी रीतच हाय, साहेब."

"तुमच्यात असेल. मला उमेदवाराची आजची इच्छा लागते." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "बाई, माघार घ्यायची नाही असं स्वतःच्या अक्षरात लिहून द्या. आज तारीख काय आहे?"

तिनं तारीख आधी लिहिली.

बाहेर पडताना घसा खाकरणारा मोठ्यानं म्हणाला, "पंचवीस वर्सांचं नाव घालवलं गावाचं. बाईमानसाच्या पायी."

राजलक्ष्मी वळली. सगळ्या आवारानं ऐकावं अशा आवाजात म्हणाली, "गावाचं नाव म्हंजी तुमच्या अकरा जणांचं व्हय? यादीत दीड हजार नावं हायती. ती कुणाची, शेळ्या-मेंढरांची?"

 चार वाजता तिला चिन्ह मिळालं, कपबशी. मानसिंग परत एकटाच गेला. आबांना काय सांगायचं ते ठरवायला त्याला वाटेत दोनदा थांबावं लागलं असं नंतर कळलं.

शेरा

प्रचाराचे दिवस वाईट गेले. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पिठाच्या गिरणीत तिचं दळण मागं राहायला लागलं. रामहरी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, त्याला मालकानं चार दिवस बोलावलं नाही. तो रागावला, दोन दिवस जेवताना बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच कपबशीचे कागद विजेच्या खांबाला चिकटवून आला. कुणीतरी ते फाडले. काठी मात्र कुणी उचलली नाही.

आणि मग एका सकाळी गल्लीत गलका झाला.

रेश्मा पुढं होती, डोक्यावर पदर. मागं चार बायका. आणि त्यांच्या मागं, ज्या गल्लीत ते पंचवीस वर्षांत पायी आले नव्हते तिथं, आबा. पांढरं धोतर गटारीपासून वाचवत, दारादारात हात जोडत. लीलाबाईनं त्यांना हाताला धरून न्हाणीमागं नेलं. बराच वेळ ते तिकडंच होते. बाहेर आले तेव्हा नाकाला रुमाल होता.

राजलक्ष्मी दारामागून बघत होती. आनंद व्हायला हवा होता. झाला राग. पायात जोर होता की यांच्या. वाट ठाऊक होती. मग इतकी वर्षं? मागायची वेळ आली तेव्हाच गल्ली दिसली?

ते तिच्याच दारापुढं येऊन उभे राहिले. तानूबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.

"तानूमावशी," आबा हात जोडून म्हणाले, "तुमच्या घरात उमेदवार हाय, ठावं हाय. पर मत मागायला आलोय. रेश्माला मत द्या."

"आस्सं," तानूबाई म्हणाली. त्यांना बसा म्हणाली नाही. "ही पोरगी काय करनार हाय? तिला बोलू दे. तू नगं सांगू, दादासाहेब."

रेश्मानं सासऱ्याकडं पाहिलं, मग पाहायचं थांबवलं. "पाणी सकाळी सोडायला लावीन, मावशी. दुपारी येतंय तवा बाया रानात असत्यात. आन् गटार. आत्ताच बघितली."

"लेखी देशील?"

"देते."

"बरं. बघू. आजून सात दिस हायती. दोघींचं ऐकून ठरीवते."

राजलक्ष्मी ताडकन दारात आली. "आत्या! दोघींचं म्हंजी? मी घरातली न्हवं का?"

"मग?" तानूबाईनं लसणाची पाकळी सोलून सुपात टाकली, मान वर न करता. "घरातली म्हनून फुकट व्हय? ह्यो दादासाहेब पंचवीस वर्सं घरातलाच म्हनत आलाय. ती म्हनती पाणी सकाळी. तू काय म्हनतीस ते मला आजून कुणी सांगितलं न्हाय."

गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आबाही हसले असावेत. राजलक्ष्मीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. डेअरीची नोकरी पणाला लावली, दळण अडलं, नवरा घरी बसला, आणि घरातलं एक हक्काचं मत, तेसुद्धा हिशेब मागतंय! तोंडात आलेलं कडक उत्तर तिनं जिभेवर घोळवलं. सासू लसूण सोलत होती. थांबलेली नव्हती, पण ऐकत होती.

राजलक्ष्मी उंबरा ओलांडून खाली उतरली. आबांच्या शेजारी, रेश्माच्या रांगेत, अंगणात उभी राहिली. पदर नीट केला.

"बोल," तानूबाई म्हणाली.